चिखलात पाय रोवलेली झाडं

ग्लासगो शहरातल्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये एका छपराखाली 11 दगडी बुंधे उभे आहेत. 1887 साली बागेसाठी जुन्या खाणीची जागा नीट करताना ते उघडे पडले. सुमारे साडेबत्तीस कोटी वर्षांपूर्वी जिथे रुजले, तिथेच ते आजही आहेत. झाडं मेली, आतला गाभा कुजला, पोकळीत गाळ भरला आणि त्या गाळाचा दगड झाला. माझं आयुष्य वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेलं, त्यामुळे या बुंध्यांच्या जाडीपेक्षा मला त्यांचा तळ अधिक मोलाचा वाटतो. प्रत्येक बुंध्यातून जाड फाटे निघतात, दुभंगत जातात आणि खोल न शिरता आडवे पसरतात.

हे लेपिडोडेंड्रॉनच्या कुळातले वृक्ष. कार्बोनिफेरस काळात युरोप आणि उत्तर अमेरिकेचा पूर्व भाग विषुववृत्ताजवळ होता, आणि तिथल्या दलदलींत यांची जंगलं माजली होती. उंची 30 मीटरपर्यंत, काहींची त्याहूनही अधिक. बुंध्याचा व्यास मीटरभराच्या पुढे. एवढा डोलारा मऊ चिखलात उभा कसा राहिला, हा प्रश्न मी दरवर्षी वर्गात विचारत असे, आणि मुलं हमखास सांगत, ‘मुळं खूप खोल गेली असतील.’

उत्तर खोडापासून शोधावं लागतं. सागाचं खोड आडवं कापलं तर जवळजवळ सगळं लाकूडच दिसतं. लेपिडोडेंड्रॉनच्या खोडात लाकडाचा बारीकसा दांडा मधोमध असे आणि भोवती जाड, चिवट साल. झाडाचा भार पेलायची ती ही साल. खोड वाकतं तेव्हा सर्वांत जास्त ताण बाहेरच्या कडेवर येतो, आणि बळकट भाग नेमका तिथेच होता. बांबूचं बळही असंच कडेला असतं. शिवाय आयुष्याचा बराच काळ या झाडाला फांद्या नसत, शेंड्याला लांब पानांचा झुपका तेवढा असे. फांद्या फुटायच्या त्या अखेरीस, बीजाणू धरायच्या वेळी. त्यामुळे वाऱ्याला अडणारा पसाराही कमीच.

आता जमिनीखाली. तिथल्या भागाला स्टिग्मारिया म्हणतात. सुरुवातीला शास्त्रज्ञांना ती एक वेगळीच वनस्पती वाटली होती; पुढे उभ्या बुंध्यांना जोडलेले नमुने सापडले आणि नातं कळलं. बुंध्याचा तळ दोनदा दुभंगून चार मुख्य बाहू होत, आणि ते पुन्हा दुभंगत दूरवर जात. दलदलीच्या चिखलात थोडं खाली गेलं की प्राणवायू संपतो, म्हणून खोल उतरण्यात फायदा नव्हता. झाडाने आडवा विस्तार धरला. बाहूंवर चहूबाजूंनी बारीक मुळं फुटलेली असत आणि त्यांच्या आत हवेची पोकळी असे. झाडाला मातीशी बांधून ठेवणं आणि तळापर्यंत हवा पोचवणं, दोन्ही कामं हीच मुळं करत.

ही मुळं किती दाट होती हे अलीकडे कळलं. 2016 साली ॲलेक्झांडर हेदरिंग्टन, क्रिस्टोफर बेरी आणि लियम डोलन यांनी जुने जीवाश्म नव्याने तपासले. एकेक मूळ पुन्हापुन्हा दुभंगत होतं. बाहूच्या एका मीटरवर अशी 25 हजारांहून अधिक टोकं असू शकत. मला सगळ्यांत थक्क करते ती ही गोष्ट. तो वृक्ष सावरला होता चिखलाचा कण न् कण धरून ठेवणाऱ्या धाग्यांच्या जाळ्याने.

त्याची खूण दगडी कोळशाखालीही राहिली आहे. 1840 च्या सुमारास विल्यम लोगन यांनी साउथ वेल्समध्ये पाहिलं की कोळशाच्या थरांखालच्या चिकणमातीत स्टिग्मारिया असतोच. म्हणजे हा कोळसा कुठून वाहून आलेला नव्हे, तिथेच वाढलेल्या जंगलाचा आहे. आपल्या चंद्रपूर-उमरेडचा कोळसा मात्र या झाडांचा नाही. तो नंतरच्या पर्मियन काळातला, ग्लॉसॉप्टेरिस या वृक्षांच्या जंगलांचा. त्यांच्या मुळांतही हवेचे कप्पे होते. कूळ निराळं, खोड भक्कम लाकडाचं, पण पाणथळ जमिनीची अडचण तीच आणि तोडगाही तसाच.

लेपिडोडेंड्रॉनचा वंश संपला, पण त्याचं जवळचं नातलग आपल्या सह्याद्रीत जगतं आहे. आयसोएटिस. गवतासारखी दिसणारी वीतभर वनस्पती. तिची एक जात सह्याद्रीच्या नावाने ओळखली जाते, दुसरी पाचगणीच्या. पावसाळ्यात जांभ्याच्या पठारांवर उथळ पाणी साचतं, तिथे ती उगवते. रोप हलकेच उपटून मुळं भिंगाखाली धरली की तीच दुभंगण दिसते, आतली पोकळीही तीच. वर्गात ही मुळं पाहिल्यावर स्टिग्मारियाची आकृती मुलांना पाठ करावी लागत नसे.

आता त्या पठारांवर गाड्या फिरतात, डबकी बुजवून वाहनतळ होतात, आणि पावसाळा सोडून पाहिलं तर तिथे वाचवण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नाही. जीवाश्म आपल्याला मुळाचा आकार दाखवतो. ते मूळ वाढतं कसं, दुभंगतं केव्हा, हे फक्त जिवंत रोपच सांगू शकतं. म्हणून पठारावर चार महिने साचणारं पाणी राखा, त्यावरून गाडी नेऊ नका, आणि गावात त्याबद्दल बोला. एवढं करणं आपल्या हातात आहे.