बिज्जलवध
कल्याणचा कलचुरी राजा दुसरा बिज्जल याचा शिवशरणांच्या हातून झाल्याचे परंपरेने मानलेला वध (सु. ११६७–६८). राजाचा मंत्री हाच एका नव्या धार्मिक चळवळीचा नेता असल्यामुळे राजसत्ता आणि धर्मनिष्ठा यांच्यात जो संघर्ष उद्‌भवला, त्याचे मध्ययुगीन दख्खनमधील हे ठळक उदाहरण होय. मात्र त्याची हकिकत मुख्यतः उत्तरकालीन सांप्रदायिक ग्रंथांतून आलेली असल्याने तिची चिकित्सा आवश्यक ठरते.

बिज्जल हा प्रारंभी कल्याणच्या चालुक्यांचा मांडलिक असून त्याची राजधानी मंगळवेढे (सोलापूर जिल्हा) येथे होती. तिसरा तैलप याच्या दुर्बलतेचा लाभ घेऊन त्याने ११५७ च्या सुमारास सत्ता बळकावली व ११६२ पर्यंत तो कल्याण (सध्याचे बसवकल्याण, कर्नाटक) येथे सार्वभौम झाला. बसवेश्वर हे त्याचे भांडारी व मंत्री होते. त्यांनी जातिभेद व कर्मकांड नाकारून इष्टलिंगोपासना आणि कायक म्हणजे श्रमनिष्ठा यांचा पुरस्कार केला. त्यांच्याभोवती विविध जातींतील शरण एकत्र आले. सोन्नलिगे म्हणजे सोलापूर येथील सिद्धरामेश्वर हेही अल्लमप्रभूंसमवेत कल्याणला गेल्याचे वर्णन शून्यसंपादने या ग्रंथात आढळते.

शरणपरंपरेनुसार ब्राह्मण मधुवरस याची कन्या व चर्मकार हरळय्या याचा पुत्र यांचा विवाह झाला. त्यामुळे सनातनी वर्ग क्षुब्ध होऊन बिज्जलाने दोघांच्या पित्यांना क्रूर देहदंड दिला. त्यानंतर बसवेश्वर कूडलसंगमास निघून गेले आणि जगदेव, मल्लय्या व बोम्मय्या यांनी राजाचा वध केला. पाल्कुरिकी सोमनाथाच्या तेलुगू बसवपुराणात दंड व वध यांचे कथन आहे. विवाहाचा तपशील उत्तरकालीन ग्रंथांत विस्तारलेला दिसतो. वधानंतर शरणांची पांगापांग झाली व चन्नबसव काही अनुयायांसह उळवीकडे गेले, असे सांगतात.

जैन परंपरेतील बिज्जलरायचरिते या ग्रंथाची हकिकत अगदी वेगळी आहे. तीनुसार कोल्हापूरच्या शिलाहारांवरील मोहिमेच्या वेळी भीमाकाठच्या छावणीत जैन वेषातील एका जंगमाकरवी विषारी फळ पाठवून राजाला मारण्यात आले व या कटाचे सूत्रधार स्वतः बसवेश्वर होते. एका परंपरेत जो न्याय्य प्रतिशोध, तोच दुसरीत विश्वासघात ठरतो. दोन्ही ग्रंथपरंपरा घटनेनंतर दीर्घ काळाने रचल्या गेल्या असून पंथस्पर्धेची छाया दोहींवरही आहे.

समकालीन कोरीव लेख या वधाविषयी मौन पाळतात. बिज्जलाने पुत्र सोमेश्वर (सोविदेव) याच्याकडे राज्य सोपविले, एवढेच त्यांवरून निष्पन्न होते. बिज्जल कट्टर जैन होता, हे मतही त्यांच्या कसोटीस उतरत नाही. कलचुरींच्या ध्वजावर सुवर्णवृषभ होता. अब्लूर येथील सु. १२०० च्या लेखात, जैनांशी झालेल्या वादात एकांतद रामय्या या शैवास बिज्जलाने जयपत्र व दान दिल्याचा उल्लेख आहे. बसवेश्वरांचा उल्लेख असलेला अर्जुनवाड येथील लेख (१२६०) यादव राजा कृष्ण (कन्नर) याच्या काळातील, म्हणजे सुमारे शतकानंतरचा आहे.

यावरून हा संघर्ष केवळ शैव व जैन यांच्यातील होता, असे म्हणता येत नाही. बळकावलेल्या सिंहासनावरील राजाला प्रस्थापित वर्गांचा पाठिंबा हवा होता, तर शरणांच्या समतेच्या आचरणाने त्याच वर्गांचे अधिकार धोक्यात आले होते. राजाच्या मृत्यूचे नेमके स्वरूप व बसवेश्वरांचा त्यातील सहभाग उपलब्ध पुराव्यांवरून सिद्ध होत नाही. कलचुरींची सत्ता मात्र फार टिकली नाही. ११८४ च्या सुमारास चौथ्या सोमेश्वर चालुक्याने कल्याण पुन्हा जिंकले. शरणांची वचने व त्यांचा पंथ मात्र कर्नाटकाबरोबरच सोलापूर परिसरातही टिकून राहिला.