पाण्याखालचे फोड

नौकेचा फायबरग्लासचा तळ कुजत नाही, गंजत नाही आणि त्याला कीडही लागत नाही. १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या बोट शोमध्ये पिअर्सन ट्रायटन ही साडेअठ्ठावीस फुटी फायबरग्लासची शिडाची नौका मांडली गेली. त्या सुमारास लाकडी शिडाच्या नौकांची डागडुजी करून थकलेल्या मालकांना एवढे गुण पुरेसे होते. पुढे असे तळ वर्षानुवर्षे पाण्यात राहिले आणि त्यांतल्या अनेकांवर फोड दिसू लागले.

हा तळ म्हणजे पॉलिएस्टर रेझिनमध्ये भिजवलेले काचतंतूंचे थर. बाहेरून जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचे जेलकोटचे कवच असते. ते चकचकीत असले तरी पाण्याचे रेणू त्यातून हळूहळू आत झिरपतात. आत रेझिन बनताना शिल्लक राहिलेले ग्लायकॉल असते, तंतूंची चटई धरून ठेवणारा चिकटा असतो. पाणी हे पदार्थ विरघळवते, थरांमधल्या बारीक पोकळीत दाट द्रावण साचते आणि ते आणखी पाणी ओढून घेते. पाण्यात टाकलेला बेदाणा फुगतो, तसेच हे परासरण. म्हणूनच खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात फोड लवकर येतात, आणि उबदार पाण्यात त्याहून लवकर. ऱ्होड आयलंड विद्यापीठात थॉमस रॉकेट आणि व्हिन्सेंट रोझ यांनी अमेरिकी तटरक्षक दलासाठी १९८० च्या दशकात जो अभ्यास केला, त्यातही पाण्यात विरघळणाऱ्या या पदार्थांवरच बोट ठेवले गेले.

सगळे फोड सारखे नसतात. रॉबर्ट पेरी यांनी आखलेली व्हॅलियंट ४० ही लांब पल्ल्याच्या सफरींसाठी नावाजलेली नौका वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम येथे युनिफ्लाइटच्या कारखान्यात बांधली जाई. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे आगरोधक रेझिन वापरले गेले. हेतू चांगला होता, पण त्या नौकांना पाण्याखालीच नव्हे, तर पाणरेषेच्या वरही फोड आले आणि दुरुस्तीनंतरही ते पुन्हा उगवले. इथे दोष रेझिनमध्येच मुरलेला होता. त्यामुळे जुनी नौका तपासताना ती कोणत्या वर्षी आणि कोणत्या रेझिनने बांधली, हे हातोडी उचलण्याआधी विचारावे.

तळ पाहायचा तो नौका पाण्याबाहेर काढल्याच्या दिवशीच. काही दिवस हवा लागली की लहान फोड बसतात आणि नंतर येणाऱ्या गिऱ्हाइकाला तळ गुळगुळीत दिसतो. फोड टोचताना डोळ्यांवर चष्मा हवा, कारण आतला द्रव दाबाखाली असतो. तो चिकट असला आणि त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर ते परासरण समजावे. बिनवासाचे स्वच्छ पाणी निघाले, तर बहुधा फक्त रंगाचा पापुद्रा सुटलेला असतो. मग प्लॅस्टिकच्या हातोडीने सगळा तळ ठोकून पाहतात. टणक आवाज आला तर थर एकजीव आहेत, बद्द आवाज आला तर ते सुटले आहेत. ओलावामापक यंत्राचा आकडा मात्र जपून वाचावा. तांबेयुक्त रंग, क्षार किंवा आतली पाण्याची टाकीही त्याला फसवते.

फोडांची भीती मोठी असली, तरी त्यांच्यामुळे नौका बुडणे फार दुर्मीळ. खरा धोका त्यांच्या शेजारी असतो. वजनदार कील जिथे तळाला बोल्टांनी जोडलेली असते, तिथली भेग, गंजाचे ओघळ आणि आतल्या आधारचौकटीचा सुटलेला चिकटा या खुणा अधिक गंभीर आहेत. मे २०१४ मध्ये अँटिग्वाहून इंग्लंडकडे परतणाऱ्या ‘चीकी रफिकी’ या शिडाच्या नौकेची कील अटलांटिकमध्ये निखळली आणि चौघे खलाशी गेले. आधी तळ जमिनीला लागल्याने आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांमुळे तो जोड कमकुवत झाला असण्याची शक्यता ब्रिटिश चौकशीत नोंदवली गेली. तळातून आरपार जाणाऱ्या पितळी तोट्या खरवडून पाहाव्यात. गुलाबी झाक दिसली, तर त्यातले जस्त निघून गेले आहे आणि तोटी बदलायलाच हवी. नौका उचलल्यावर सुकाणूतून पाणी ठिबकत असेल, तर त्याच्या आतला फोम भिजला आहे.

मोजकेच फोड असतील, तर प्रत्येक फोड घासून उघडावा, धुवावा, पूर्ण वाळवावा आणि इपॉक्सी लांबीने भरावा. तळभर फोड असतील, तर जेलकोट रंध्यासारख्या यंत्राने सोलून काढतात. जुना रंग विषारी असल्याने तो ओलाच घासावा. यापुढचा टप्पा कंटाळवाणा आहे, आणि दुरुस्ती फसते ती बहुधा इथेच. अनेकांना वाटते की फक्त वाळवले की झाले. पण प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंश सेल्सिअसला उकळते. ते उन्हाने उडून जात नाही, उलट हवेतला दमटपणा शोषत राहते. ते काढायचे तर तळ गरम गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावा लागतो. मग आठवडे, कधी महिने वाळवणे. मुंबई-गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात हे उघड्यावर जमणारच नाही. तळ वाळला का, हे पाहायला पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा त्यावर कडेने चिकटवून ठेवावा. आतून दव धरले, तर अजून थांबावे.

सोलताना जेवढे थर गेले, तेवढे व्हिनिलएस्टर किंवा इपॉक्सीत भिजवलेल्या काचकापडाने भरून काढतात. भोक किंवा खोल जखम असेल, तर कडा जाडीच्या बारा पट रुंद उताराने घासतात, म्हणजे नवा थर जुन्याला भरपूर धरतो. त्यावर इपॉक्सीचे पाच-सहा हात देऊन सुमारे पाव मिलिमीटरचा रोधक पापुद्रा तयार करतात. पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम असावा. इपॉक्सी घट्ट होताना वर मेणचट थर येऊ शकतो. तो आधी पाण्याने धुवावा आणि मगच घासावा, नाहीतर तो आत रगडला जातो. शेवटचा हात अंगठ्याला किंचित चिकटत असतानाच शेवाळरोधक रंगाचा पहिला हात मारतात. ती वेळ चुकली, तर सगळा तळ पुन्हा घासावा लागतो.