बॅकअप घेतला, पण तो उघडून पाहिला का?

२५ जानेवारी २००३ रोजी ‘स्लॅमर’ नावाचा एक वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा प्रोग्राम, इंटरनेटवर सुटला. अवघ्या ३७६ बाइटचा हा प्रोग्राम मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमधल्या एका त्रुटीतून आत शिरत होता. जगभरातल्या ज्या यंत्रांत ती त्रुटी शिल्लक होती, त्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक यंत्रे त्याने दहा मिनिटांत गाठली. किमान ७५ हजार यंत्रे बाधित झाली, दक्षिण कोरियातली इंटरनेट सेवा कोलमडली, अमेरिकेत बँक ऑफ अमेरिकाच्या हजारो एटीएममधून पैसे निघेनासे झाले. या घटनेतली सर्वांत महत्त्वाची तारीख मात्र सहा महिने आधीची आहे. त्रुटी बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने जुलै २००२ मध्येच दिला होता. तो असंख्य ठिकाणी लावायचा राहिला होता, आणि अशा यंत्रांत खुद्द मायक्रोसॉफ्टचीही काही यंत्रे होती. पॅच बनवणाऱ्या कंपनीलाही तो आपल्याच घरात सगळीकडे लावता आला नसेल, तर कुणाच्या आळसाकडे बोट दाखवून भागत नाही. शेकडो डेटाबेसवरचे तेच ते काम माणसांनी हाताने, वेळच्या वेळी आणि एकही न चुकवता करावे, ही अपेक्षाच अवाजवी आहे. ही नेहमीची कामे यंत्रावर सोपवायला हवीत, आणि सोपवताना कामाबरोबर त्या कामाची तपासणीही सोपवायला हवी, असे माझे म्हणणे आहे. यातला दुसरा भाग पहिल्याहून महत्त्वाचा आहे आणि बहुधा राहून जातो तोच.

सातबारा उतारा ऑनलाइन काढा, रेल्वेचे तिकीट आरक्षित करा किंवा बँकेत पगार जमा होऊ द्या, प्रत्येक वेळी कुठल्या ना कुठल्या डेटाबेसमधली नोंद वाचली किंवा बदलली जाते. हे डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाला आयटीच्या व्यवहारात ‘डीबीए’ म्हणतात. बॅकअप घेणे, त्यातून डेटा परत उभा करता येतो का, म्हणजे तो रिस्टोअर होतो का, हे पाहणे, पॅच लावणे, नव्या कर्मचाऱ्याला हवी तेवढीच परवानगी देणे आणि तो सोडून गेला की ती काढून घेणे, डिस्कवर जागा किती उरली यावर नजर ठेवणे, मुख्य सर्व्हर पडलाच तर त्याच्या प्रतिकृतीवर कारभार हलवणे, ही त्याची रोजची कामे. यातले एकेक काम जाणकाराला अवघड नाही. अवघड आहे तो गुणाकार. समजा, एखाद्या मोठ्या संस्थेत ५०० डेटाबेस आहेत आणि प्रत्येकाचा बॅकअप महिन्यातून एकदा रिस्टोअर करून तपासायला दोन तास लागतात. म्हणजे महिन्याला १००० तास झाले. एका माणसाचे महिन्याचे कामाचे तास साधारण १६० धरले, तर सहा माणसांनी दुसरे काहीही न करता फक्त हेच करत राहायचे. एवढी माणसे या एका कामाला मिळणे कठीण असते. मग चाचणी होते ती ऑडिट जवळ आले की, दोन-चार निवडक डेटाबेसवर, आणि बाकीच्यांचे सगळे ठीक आहे असे गृहीत धरले जाते.

गृहीत धरण्याची किंमत काय असते, हे गिटलॅब या कंपनीच्या अनुभवातून दिसते. जगभरातले प्रोग्रामर आपला कोड जिथे ठेवतात अशा सेवांपैकी ही एक. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथल्या एका अभियंत्याला मागे पडलेली प्रतिकृती नव्याने उभी करायची होती. त्यासाठी दुय्यम सर्व्हरवरची डेटाची डिरेक्टरी पुसायची होती. आज्ञा दिली गेली ती मुख्य सर्व्हरवर. चूक क्षणात लक्षात आली, पण तोवर सुमारे ३०० जीबी डेटा गेला होता. खरा धक्का त्यानंतर बसला. रोजचा बॅकअप ज्या ठिकाणी साठत असायला हवा होता, ती जागा रिकामी निघाली. बॅकअपचा प्रोग्राम ठरल्या वेळी चालत होता, पण डेटाबेसची आवृत्ती एक आणि बॅकअप घेणाऱ्या साधनाची दुसरी, त्यामुळे तो दर वेळी अपयशी ठरत होता. अपयशाची सूचना देणारे ईमेलही निघत होते, पण ईमेलच्या सुरक्षा नियमांत न बसल्यामुळे ते वाटेतच नाकारले जात होते. शेवटी कामी आली ती सुमारे सहा तासांपूर्वी त्याच अभियंत्याने वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेली एक प्रत. तरीही सुमारे ५००० प्रकल्प, तितक्याच टिपण्या आणि ७०० नवी खाती यांच्या नोंदी कायमच्या गेल्या. कंपनीने हे सगळे स्वतःहून, तपशीलवार जाहीर केले, म्हणून इतरांना त्यातून शिकता येते.

या घटनेचे वर्णन ‘मानवी चूक’ असे करून थांबले, तर तिच्यातला धडा हातचा जातो. दमलेल्या माणसाने रात्री चुकीच्या खिडकीत आज्ञा टाइप करणे यात नवल काही नाही. ते कधी ना कधी घडणारच. नवल हे की बॅकअपचे काम स्वयंचलितच होते. यंत्र रोज उठून काम करत होते, रोज नापास होत होते आणि त्याचा निकाल कुणापर्यंत पोहोचत नव्हता. याला मी अर्धे स्वयंचलन म्हणतो, आणि ते हाताने केलेल्या कामापेक्षा घातक असते, कारण काम आपल्या हातून निघून गेल्यावर त्याची काळजीही मनातून निघून जाते. पुरे स्वयंचलन बॅकअपची फाइल तयार झाली म्हणून थांबत नाही. ती फाइल वेगळ्या सर्व्हरवर उघडते, तक्ते आणि नोंदींची संख्या पडताळते, ताज्यात ताजी नोंद कोणत्या वेळेची आहे ते बघते आणि निकाल सर्वांना दिसेल असा मांडते. शिवाय ठरल्या वेळी ‘सर्व ठीक’ असा निरोप आला नाही, तर त्या शांततेलाच धोक्याची सूचना मानते. वरच्या हिशेबातले १००० तास यंत्राच्या दृष्टीने काहीच नाहीत. ते रात्रभर, एकाच वेळी पन्नास ठिकाणी हे करू शकते.

संपूर्ण संस्थेत हे करायचे तर सुरुवात यादीपासून करावी लागते. स्लॅमरच्या वेळी अनेकांना आपल्याकडे एसक्यूएल सर्व्हर आहे याचाच पत्ता नव्हता. तो दुसऱ्याच कुठल्या सॉफ्टवेअरच्या पोटात बसून आला होता. जे आहे हेच माहीत नाही, त्याला पॅच लावणार कोण? म्हणून डेटाबेस कुठे कुठे आहेत, कोणत्या आवृत्तीचे आहेत, त्यांचा धनी कोण, हे यंत्राने सतत शोधत राहायचे. दुसरी पायरी म्हणजे प्रत्येक डेटाबेस कसा असावा हे एकदा लिहून काढणे. कोणती आवृत्ती, कोणत्या सेटिंग, कुणाला कोणती परवानगी, हे सारे लेखी ठेवायचे आणि प्रत्यक्षात फरक पडला की तो दाखवायचा. या लिखाणाचा मोठा फायदा असा की एका अनुभवी डीबीएच्या डोक्यात असलेले ज्ञान चारचौघांना वाचता येते, तपासता येते, त्यावर हरकत घेता येते. तिसरी पायरी म्हणजे बदल एकदम सगळीकडे न करता आधी चाचणीच्या, मग कमी महत्त्वाच्या आणि शेवटी कळीच्या डेटाबेसवर करणे, आणि कुठेही बिघडले की पुढचे आपोआप थांबवणे. गूगलच्या जाहिरात विभागाने आपल्या मायएसक्यूएल डेटाबेससाठी याच दिशेने काम केले. मुख्य सर्व्हर बदलण्याची प्रक्रिया २००९ मध्ये पूर्ण स्वयंचलित झाल्यावर ९५ टक्के वेळा ती ३० सेकंदांच्या आत होऊ लागली आणि कंटाळवाण्या देखभालीवर जाणारा वेळ ९५ टक्क्यांनी घटला, असे त्या कंपनीच्या अभियंत्यांनी २०१६ च्या आपल्या पुस्तकात नोंदवले आहे. त्यासाठी डेटाबेसशी बोलणाऱ्या प्रोग्रामांनाही जोडणी तुटली तर थांबून पुन्हा प्रयत्न करायला शिकवावे लागले. हे एकट्या डीबीएच्या हातचे काम नव्हे, साऱ्या संस्थेचे आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की माणूस एका ठिकाणी चुकतो, यंत्र एकाच क्षणी शंभर ठिकाणी चुकते. आक्षेप खरा आहे. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहब या सेवेच्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील डेटा सेंटरचा संपर्क फक्त ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात स्वयंचलित व्यवस्थेने डेटाबेसचा मुख्य कारभार पश्चिम किनाऱ्यावर हलवला. पण पूर्वेकडच्या काही सेकंदांच्या नोंदी पश्चिमेला पोहोचल्याच नव्हत्या, आणि आता पश्चिमेकडे नव्या नोंदी होऊ लागल्या. दोन्हीकडे असा काही डेटा झाला की जो दुसरीकडे नाही. ही गुंतागुंत सोडवून सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटे लागली. त्यानंतर गिटहबने स्वयंचलन काढून टाकले नाही, त्याची हद्द आखली. एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात कारभार आपोआप हलवायचा नाही, असे ठरवले. मला यात उत्तर दिसते. ज्या कामाचा योग्य निकाल आधी सांगता येतो आणि जे उलटे फिरवता येते, ते यंत्राने करावे. जिथे थोडा डेटा गमावायचा की सेवा थोडा वेळ बंद ठेवायची असा तोलून घ्यायचा निर्णय आहे, तिथे यंत्राने माहिती गोळा करून समोर ठेवावी आणि माणसाची वाट पाहावी.

दुसरा आक्षेप ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच एका गाजलेल्या निबंधात मांडला. नेहमीचे काम यंत्राने केले की माणसाचा सराव सुटतो, आणि नेमक्या अवघड प्रसंगी त्याच माणसाकडून आपण कौशल्याची अपेक्षा धरतो. हा धोका टाळायचा तर सराव मुद्दाम ठेवावा लागेल. ठरावीक काळाने सर्व्हर पडला असे मानून रंगीत तालीम करायची, यंत्राची मदत न घेता एखादा डेटाबेस उभा करून दाखवायचा. पण आजच्या हाताने होणाऱ्या कामातून कौशल्य टिकते, हेही तितकेसे खरे नाही. पहाटे दोनला दस्तऐवजातल्या आज्ञा एकेक करून चिकटवत जाण्यातून कुणी डेटाबेस शिकत नाही.

आणि नोकऱ्या? पुण्यात हिंजवडीत किंवा खराडीत रात्रपाळी करून परदेशी ग्राहकांचे डेटाबेस सांभाळणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी हा प्रश्न पोटाचा आहे, आणि त्याला गोड उत्तर देणे अप्रामाणिकपणाचे होईल. केवळ ‘तिकिटे’, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींच्या नोंदी, बंद करण्यापुरते उरलेले काम कमी होणार. पण या क्षेत्राचा इतिहासही पाहावा. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये नोंद बदलली की जुनी नोंद मागे उरते आणि ती साफ करावी लागते. एके काळी या सफाईचे वेळापत्रक डीबीए स्वतः लावत असे. २००५ मध्ये ती सोय डेटाबेसमध्येच आली आणि २००८ पासून ती मुळातच सुरू असते. त्यामुळे पोस्टग्रेसचे जाणकार बेकार झाले नाहीत. सफाई कधी अपुरी पडते, डेटाची रचना कशी असावी, क्वेरी का मंदावली, हे सांगणाऱ्यांची गरज राहिलीच. फरक इतकाच की तिथवर पोहोचायला शिकावे लागते, आणि ते शिकण्याचा वेळ कामाच्या तासांतून देणे ही संस्थेची जबाबदारी आहे. स्वयंचलनातून वाचलेले तास कागदावर बचत म्हणून दाखवून माणसे कमी केली, तर यंत्राचे नियम लिहिणारे आणि ते चुकल्यावर ओळखणारेच उरणार नाहीत.

म्हणून स्वयंचलनाचे यश किती कामे आपोआप होतात या आकड्यावर मोजू नये. प्रत्येक संस्थेच्या वरिष्ठांनी आपल्या डेटाबेस विभागाला तीन प्रश्न विचारावेत. आपल्याकडे एकूण डेटाबेस किती? प्रत्येकाचा बॅकअप शेवटचा कधी यशस्वीपणे रिस्टोअर झाला? आणि उद्या तो रिस्टोअर होईनासा झाला, तर ते कुणाला, किती वेळात कळेल? ही उत्तरे कुणालाही फोन न करता, कुठल्याही दिवशी, पडद्यावर दिसत असतील तर त्या संस्थेचे स्वयंचलन खरे आहे. ती शोधायला माणसे धावाधाव करू लागली, तर पुढच्या महिन्याच्या अंदाजपत्रकात नवे साधन घेण्याआधी ही तपासणी उभी करण्यासाठी पैसा आणि माणसे द्यावीत. त्या नोंदींमध्ये लोकांच्या जमिनी, पगार आणि ठेवी आहेत. त्या सुरक्षित आहेत असे समजून चालणे पुरेसे नाही, त्या रोज तपासल्या गेल्या पाहिजेत.