कुकरच्या तापमानाला हायड्रोजन

पाण्यात वीज सोडली की एका अग्राशी हायड्रोजन आणि दुसऱ्याशी ऑक्सिजन सुटतो. विद्युत अपघटनाची ही क्रिया 1800 सालापासून माहीत आहे. एक किलो हायड्रोजनसाठी किमान 9 लिटर पाणी आणि सुमारे 39 युनिट ऊर्जा लागते. त्यांतली 33 युनिट विजेनेच द्यावी लागतात, उरलेली उष्णतेने दिली तरी चालते. यंत्रे मात्र प्रत्यक्षात 50 ते 55 युनिट वीज खातात आणि सगळी धडपड ही गळती कमी करण्याची आहे.

पटल-पद्धतीत दोन्ही अग्रांमध्ये कागदाइतके पातळ पॉलिमरचे पटल असते. ते फक्त प्रोटॉनना वाट देते आणि दोन्ही वायू वेगळे ठेवते. सर्वांत परिचित पटल नॅफिऑनचे. ही यंत्रे साधारण 50 ते 80 अंश सेल्सिअसला चालतात. तापमान वाढवले तर पाणी फोडायला लागणारा विद्युतदाब उतरतो, पण अगदी थोडा: 100 अंशांच्या वाढीला 0.1 व्होल्टही नाही. खरा फायदा वेगळाच. उत्प्रेरकावरची क्रिया भराभर होते, प्रोटॉन सहज सरकतात आणि इरिडिअमसारख्या दुर्मिळ धातूकडून जास्त काम घेता येते.

अडचण पटलाची आहे. नॅफिऑनला प्रोटॉन वाहायला ओलावा हवा. शंभरीपुढे ते वाळते, मऊ पडते. उपाय स्वयंपाकघरात सापडतो: दाब वाढवला की पाणी 120 अंशांनाही द्रवच राहते, कुकरमध्ये राहते तसे. युरोपात 2008 मध्ये सुरू झालेल्या वेल्टेम्प प्रकल्पाने 120 अंशांपुढचेच लक्ष्य ठेवले होते. दुसरा मार्ग पॉलिबेन्झिमिडाझोल या पॉलिमरला फॉस्फरिक आम्लात भिजवण्याचा. या पॉलिमरवर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही काम झाले आहे. आम्लात भिजलेल्या पटलातून ओलाव्याविना प्रोटॉन वाहतात, पण द्रवरूप पाणी आले की आम्ल धुऊन जाते. म्हणून तेथे वाफच द्यावी लागते. तापलेले आम्ल धातूही खाते. शिवाय गरम पटलातून हायड्रोजन जास्त झिरपतो. ऑक्सिजनमध्ये त्याचे प्रमाण 4 टक्क्यांवर गेले की स्फोटाचा धोका. म्हणजे वाचवलेल्या विजेची किंमत टायटेनिअम, टँटलम आणि पटलाच्या आयुष्याने चुकवायची.

पटलाची ही मर्यादा फ्युएल सेललाही आहे; फ्युएल सेल म्हणजे अपघटनाचीच क्रिया उलटी. याच प्रयोगशाळेने केपीआयटी कंपनीसह 2020 मध्ये चालवून दाखवलेल्या मोटारीतला सेल 65 ते 75 अंशांवर चालतो. पटल या पट्ट्यात निवांत असते.

अपघटन 700 ते 850 अंशांना करायचे तर पॉलिमर टिकतच नाही. तेथे झिर्कोनिआचे सिरॅमिक पटल वापरतात आणि त्यातून प्रोटॉन नव्हे, ऑक्साइड आयन जातात. या पद्धतीला लागणारी वाफ खतकारखान्यांत आयती मिळू शकते. अमोनिया बनताना उष्णता सुटते आणि हायड्रोजनचा ग्राहकही तोच कारखाना असतो. रायगडमधल्या थळ येथील आरसीएफ या खत कंपनीचा अमोनिया आजवर नैसर्गिक वायूपासून मिळवलेल्या हायड्रोजनपासून बनत आला आहे.