घरातली घरघर आणि तीन पिनांची वायर

महाशिवरात्रीला लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेत किंवा नांदेडच्या एखाद्या संगीत सभेत माईकपासून मिक्सरपर्यंत तीस-चाळीस मीटर वायर सहज पसरलेली असते. शेजारून लाइटच्या वायरी जातात, जनरेटर धडधडत असतो, तरी गाणं स्वच्छ ऐकू येतं. घरी मात्र टीव्हीपासून अँपपर्यंतच्या हातभर वायरीत घरघर सुरू होते. मग दुकानात ‘बॅलन्स्ड घ्या’ असा सल्ला मिळतो आणि बजेट दुपटीवर जातं.

घरच्या लाल-पांढऱ्या आरसीए वायरीत आवाजाचा सिग्नल एकाच तारेतून जातो. भोवतीची जाळी कवचाचं काम करते आणि परतीची वाटही तीच असते. त्या जाळीतून दुसरा कुठला प्रवाह वाहिला, की तो थेट गाण्यात मिसळतो. साउंडवाले ज्याला कॅनन म्हणतात, त्या एक्सएलआरला तीन पिना असतात. पहिली जाळीची, बाकीच्या दोन सिग्नलच्या. बाहेरचा गोंगाट त्या दोन्ही तारांवर सारखाच चढतो. पुढचं यंत्र दोघींतला फरक तेवढा उचलतं, म्हणून जे सारखं ते वजा होतं. यालाच बॅलन्स्ड म्हणतात. टेलिफोनच्या जोडतारा शंभरहून अधिक वर्षं याच तत्त्वावर चालत आल्या आहेत.

शोरूममध्ये एक गोष्ट लक्षात ठेवा. बऱ्याच प्लेअरमधून आरसीएवर 2 व्होल्ट आणि एक्सएलआरवर 4 व्होल्ट निघतात, म्हणजे आवाज 6 डेसिबलने चढतो. कानाला मोठा आवाज नेहमीच सरस वाटतो. व्हॉल्यूम सारखा करून ऐकल्याशिवाय निवाडा करू नका. शिवाय मागे एक्सएलआरचं सॉकेट दिसलं म्हणजे आतलं सर्किटही बॅलन्स्ड असेलच असं नाही.

आता घरघरीकडे वळू. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून ती घुमही त्याच सुरात किंवा त्याच्या दुप्पट सुरात येते. कारण बहुधा ग्राउंड लूप, म्हणजे अर्थिंगच्या वेगवेगळ्या वाटा वायरींच्या जाळीतून जोडल्या जाऊन बनलेलं वेटोळं. अँपचं अर्थिंग एका बोर्डवर, टीव्हीचं दुसऱ्यावर, आणि केबलवाल्याची तार तिसरीकडून घरात शिरलेली. ती केबल टीव्हीची तार सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा. घुम थांबली तर चोर सापडला. मग सगळी यंत्रं एकाच बोर्डवर घ्या, टीव्हीचा आवाज ऑप्टिकल वायरीने न्या. तिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही, त्यामुळे लूप तिथेच तुटतो.

आपल्या जुन्या घरांत तीन भोकांच्या सॉकेटमागे अर्थिंगची तार नसणं ही जुनीच गोष्ट. अशा घरात यंत्राच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात आणि स्पीकर भुणभुणतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, ओल जाते आणि जमिनीचा विद्युतरोध वाढतो. म्हणून वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या आणि अर्थिंगच्या खड्ड्यात ओल टिकवा. नव्या प्लेअरआधी हा खर्च करावा, असं माझं ठाम मत आहे.

दोन-तीन मीटरच्या आत, एकाच कपाटातल्या यंत्रांना चांगली आरसीए वायर पुरते. स्पीकरमध्येच अँप असेल आणि वायर पाच-सहा मीटरच्या पुढे जाणार असेल, तर दोन्ही टोकांना खरं बॅलन्स्ड घ्या. घुम घालवायला प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही तोडू नका. यंत्रात बिघाड होऊन पत्र्यात वीज उतरली, तर जीव वाचवणारी तार तीच आहे.