शास्त्र वाचू या (लेखांक ६) : पेन्सिल जवळ असू द्या

कोणतं भाषांतर हाती घ्यावं, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आता वाचायला कुठून सुरुवात करायची ते पाहू. नव्या वर्षाच्या उत्साहात बहुतेक जण उत्पत्तीपासून निघतात. रोज तीन अध्याय धरले, तर उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० अध्याय ३० जानेवारीला संपतात आणि ३१ तारखेला लेवीय उघडतं. होमार्पण, चरबी, गुरदे, महारोगाची लक्षणं! बऱ्याच जणांची गाडी इथेच अडते. माझी सलग चार वर्षं अडली होती. लेवीय टाकाऊ नाही. पण विश्वासात नवं पाऊल टाकणाऱ्याने पहिल्याच महिन्यात हा घाट चढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शुभवर्तमानापासून सुरुवात करा. नारायण वामन टिळकांच्या हाती बायबल आलं ते आगगाडीत. नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यातल्या एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही केलं. टिळकांना ते पुस्तक मुळीच आवडलं नव्हतं. पण वाचताना महत्त्वाच्या जागी पेन्सिलीने खूण करायची त्यांची सवय होती, आणि त्या सवयीनेच ते वाचत गेले. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात डोंगरावरील प्रवचन सुरू झालं आणि पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पंडिता रमाबाईंची वाट वेगळी होती. आसामात सिल्चरला असताना घरच्या पुस्तकांत त्यांना बंगालीतलं लूककृत शुभवर्तमान सापडलं. पुढे याच बाईंनी केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. दोघांच्याही वाटेवर छापील शुभवर्तमान होतं.

पेन्सिलीचा उपयोग काय, हे लूकच्या पंधराव्या अध्यायावर करून बघू. उधळ्या पुत्राची गोष्ट आपल्याला पाठ असते, आणि तीच अडचण आहे. संडे स्कूलपासून ऐकलेली गोष्ट डोळे वाचतच नाहीत. म्हणून अकराव्या वचनापासून सुरू न करता पहिल्यापासून करा. परूशी आणि शास्त्री कुरकुरताहेत की हा पापी लोकांबरोबर जेवतो. त्या कुरकुरीला उत्तर म्हणून येशू शंभरातलं एक मेंढरू, दहातलं एक नाणं आणि दोघांतला एक मुलगा अशा तीन गोष्टी सांगतो. म्हणजे गोष्ट ऐकणारे थोरल्या भावाच्या जागी उभे आहेत.

आता खुणा करा. धाकटा वाटेत बोलायचं वाक्य घोकून येतो. मला मजूर म्हणून ठेवा, हा त्याचा शेवटचा भाग. बापासमोर मात्र तो भाग बोलायचा राहूनच जातो, कारण तोवर झगा मागवलाही आहे. पुढे थोरला. चाकर त्याला सांगतो, तुमचा भाऊ आला. थोरला बापाशी बोलताना ‘भाऊ’ हा शब्दच टाळतो. तुमचा हा मुलगा, असं म्हणतो. आपल्याकडे चिडलेली आई नवऱ्याला म्हणते ना, ‘तुमचे चिरंजीव काय करून आलेत बघा’, अगदी तसंच! आणि बाप उत्तर देताना तोच टाळलेला शब्द परत त्याच्या पदरात घालतो : तुझा भाऊ. पुढे थोरला आत गेला की नाही, हे लूक सांगतच नाही.

हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी पन्नाशीच्या जवळ होतो. वाटणीवरून माझ्या धाकट्या भावाशी अबोला होता आणि आईशी त्याचा विषय निघाला की मीही ‘तुझा मुलगा’च म्हणायचो. पेन्सिल त्या शब्दावर बराच वेळ थांबली. लगेच उठून फोन केला असं लिहायला बरं वाटलं असतं, पण त्याला आणखी दोन महिने लागले. वाढ म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी ते दोन महिने सांगतो. रोज सकाळी प्रार्थनेला बसलो की तो शब्द आडवा यायचा. प्रवचनात ऐकला असता तर जेवणापर्यंत विसरलो असतो.

एक सावधगिरी. एकट्याने वाचताना आपल्या सोयीचा अर्थ काढायचा मोह होतो. प्रेषितांच्या कृत्यांत रथात बसून यशया वाचणाऱ्या कूशी अधिकाऱ्यालाही, समजावून सांगणारा कुणी तरी हवा, असं मान्य करावं लागलं आणि फिलिप्पाला शेजारी बसवावं लागलं. तेव्हा न उमगलेल्या जागी प्रश्नचिन्ह करा आणि रविवारी उपासनेनंतर पाळकांना गाठा. असे प्रश्न आले की पाळक खूश होतात, असा माझा अनुभव आहे.

या आठवड्यात नवं काही वाचू नका. लूकचा पंधरावा अध्याय तीन वेगवेगळ्या दिवशी वाचा, त्यातला एक दिवस मोठ्याने. खुणा पुसू नका, पुढच्या लेखांकात स्तोत्रसंहितेकडे वळताना त्या लागणार आहेत.