शहाण्णव खळगे, एकच माप

पावसाळा सरत आला की रक्ततपासणीच्या लॅबमध्ये डेंग्यूच्या संशयितांचे नमुने वाढू लागतात. यातले बरेच नमुने एलायझा चाचणीतून जातात. या चाचणीची प्लेट हाताच्या पंजाएवढी, पारदर्शक प्लॅस्टिकची. तिच्यात आठ ओळी, प्रत्येक ओळीत बारा खळगे, एकूण ९६. खळग्यांत आधी रुग्णांचं सीरम जातं. मग प्लेट धुवायची, एक रीएजंट घालायचं, पुन्हा धुवायची, दुसरं रीएजंट घालायचं. शेवटी रंग आणणारं द्रव, आणि ठरलेल्या वेळानंतर तो रंग थांबवणारं आम्ल. दर वेळी खळग्यात पडणारं द्रव बहुधा ५० ते १०० मायक्रोलिटर असतं. १०० मायक्रोलिटर म्हणजे एका मिलिलिटरचा दहावा भाग, साधारण दोन थेंब.

साध्या पिपेटने एकच रीएजंट ९६ खळग्यांत घालायचं म्हटलं, तरी ९६ वेळा ओढायचं आणि ९६ वेळा सोडायचं. अंगठा १९२ वेळा दाबला जातो. अशी चार द्रवं असली, तर एका प्लेटमागे साडेसातशेहून जास्त वेळा. आणि यातल्या प्रत्येक वेळी माप सारखंच पडलं पाहिजे. पहिल्या खळग्यातल्या रुग्णाला जेवढं मिळालं तेवढंच शहाण्णवाव्या खळग्यातल्या रुग्णाला मिळालं, तरच दोघांचे आकडे एका तराजूत तोलता येतात.

हे काम सोपं करणारं एक साधन लॅबमध्ये असतं. कुणी त्याला रिपीटर म्हणतं, कुणी मल्टीपेट, कुणी नुसतं डिस्पेन्सर. एकदा द्रव ओढून घ्यायचं आणि मग खटका दाबत जायचं. प्रत्येक खटक्याला तेवढंच माप बाहेर.

या साधनाचं घराणं जर्मनीतल्या मारबुर्ग गावचं. १९५०च्या दशकात तिथल्या विद्यापीठातल्या शरीरक्रिया-रसायनशास्त्र संस्थेचे प्रमुख होते थिओडोर ब्यूखर. द्रवाची बारीक मापं घेण्यासाठी तेव्हा काचेच्या निमुळत्या पिपेट वापरत. त्यांना रबराची नळी जोडायची, नळीचं टोक तोंडात धरायचं आणि हलकेच ओढायचं. डोळा खुणेवर, जीभ नळीवर. जगभरच्या लॅबमध्ये हीच पद्धत होती आणि तिने माणसं आजारीही पडत. तोंडाने पिपेट ओढताना झालेल्या संसर्गाची पहिली नोंद १८९३ सालची आहे. एका डॉक्टरच्या तोंडात विषमज्वराच्या जंतूंचं द्रव गेलं होतं.

१९५७ साली हाइनरिख श्निट्गर नावाचा तरुण डॉक्टर संशोधनासाठी या संस्थेत आला. कामात त्याला असंख्य छोट्या नमुन्यांची मापं घ्यावी लागत आणि नळी तोंडात धरून बसण्याचा त्याला लवकरच कंटाळा आला. त्याचे सहकारी मार्टिन क्लिंगेनबर्ग यांनी पुढे लिहून ठेवलंय की श्निट्गर काही दिवस दिसेनासा झाला आणि परतला तो नवं साधन हातात घेऊनच. आत दट्ट्या होता, दट्ट्याला स्प्रिंग होती आणि टोकाला काढता-घालता येणारी प्लॅस्टिकची टिप होती. दट्ट्या आणि द्रव यांच्यामध्ये हवेचा थर राहत असल्यामुळे द्रव टिपेतच राहायचं, यंत्राला लागायचं नाही. खरी कमाल होती ती दुसऱ्या स्प्रिंगची. अंगठा दाबला की एका जागी अडतो, ते माप. तिथून आणखी जोर दिला की दट्ट्या थोडा पुढे जातो आणि टिपेत चिकटून राहिलेला शेवटचा थेंबही बाहेर फेकतो. आजही जगातल्या कुठल्याही लॅबमध्ये पिपेट हातात घेतली, की अंगठ्याला हे दोन थांबे लागतात.

श्निट्गरने मे १९५७ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. हॅम्बुर्गमध्ये हाइनरिख नेथेलर आणि हान्स हिंत्स यांनी १९४५ साली सुरू केलेल्या कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि १९६१ पासून ‘मारबुर्ग पिपेट’ बाजारात आणली. कंपनीचा जन्म एपेनडॉर्फ भागातल्या विद्यापीठ रुग्णालयाच्या आवारात झाला होता; पुढे तिचं नावच एपेनडॉर्फ झालं. श्निट्गर मात्र या शोधापाशी थांबला नाही. रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारं यंत्रही त्याच्या नावावर आहे. १९६४ साली बव्हेरियातल्या एका तळ्यात पोहताना तो बुडाला. चाळिशीही त्याने पाहिली नाही.

सुरुवातीच्या या पिपेटचं माप ठरलेलं असे. १०० मायक्रोलिटरची वेगळी, ५० ची वेगळी. एकाच पिपेटमध्ये माप कमीजास्त करण्याची सोय अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या वॉरन गिल्सन यांनी केली. त्यांच्या रचनेला १९७४ मध्ये पेटंट मिळालं.

दरम्यान कामाचं स्वरूपही बदलत होतं. हंगेरीत ग्युला टाकाची यांनी १९५१ मध्ये प्लॅस्टिकच्या ठोकळ्यात खळग्यांच्या ओळी कोरून एकाच वेळी अनेक चाचण्या करण्याची युक्ती काढली. त्यातून पुढे ९६ खळग्यांची प्लेट रूढ झाली. १९७१ मध्ये स्टॉकहोममध्ये एव्हा एंगवॉल आणि पेटर पर्लमन यांनी एलायझाची पद्धत मांडली. आता एकेका नमुन्याऐवजी नमुन्यांच्या रांगा तपासायच्या होत्या. रांगेला पुरेल असं साधन हवं होतं. १९७८ मध्ये एपेनडॉर्फची मल्टीपेट आली. अमेरिकेत ती ‘रिपीटर’ या नावाने विकली गेली.

साधी पिपेट आणि रिपीटर यांच्यातला फरक पंगतीत कळतो. प्रत्येक पानाची आवडनिवड बघून वाढणारा वेगळा आणि भाताचा एकच डाव सगळ्या पानांवर सारखा टाकत जाणारा वेगळा. रिपीटर हा दुसरा. प्रत्येक रुग्णाचं सीरम निराळं, ते घालताना दर वेळी नवी टिप लागते, तिथे रिपीटर चालत नाही. पण सगळ्या खळग्यांना एकच रीएजंट द्यायचं असतं, तिथे तो नेमका कामाला येतो.

त्याची रचना हातात घेतल्यावर लगेच समजते. त्याला मोठ्या सिरिंजसारखी टिप बसते आणि तिच्या आत तिचा स्वतःचा दट्ट्या असतो. यंत्राच्या पोटात एक दातेरी पट्टी असते. खटका दाबला की एक खिटी त्या पट्टीला ठरावीक दात पुढे ढकलते, पट्टी दट्ट्याला ढकलते आणि तेवढंच द्रव बाहेर येतं. किती दात ढकलायचे, ते वरच्या चकतीवर १ ते ५ आकड्यांनी ठरतं. जुन्या मल्टीपेटचा हिशेब सोपा होता. चकती १ वर असेल, तर टिपेच्या मापाचा पन्नासावा भाग. ५ मिलिलिटरची टिप लावली, तर प्रत्येक खटक्याला १०० मायक्रोलिटर. एकदा भरली की ४८ खटके मिळत. दोनदा भरली की ९६ खळग्यांची प्लेट पुरी.

पन्नास भागांतले दोन कुठे गेले? त्यांचा त्याग मुद्दाम करायचा असतो. द्रव ओढताना पट्टी एका दिशेने सरकते, सोडताना उलट. दिशा बदलताना दातांमधली बारीकशी फट आधी भरून निघते, म्हणून पहिल्या खटक्याचं माप भरवशाचं नसतं. तो पहिला खटका बाटलीतच परत सोडतात आणि शेवटी टिपेत उरलेलं द्रवही वापरत नाहीत. नव्याने शिकणाऱ्यांचा हात नेमका इथे चुकतो. पहिला खटका थेट पहिल्या खळग्यात गेला, तर पहिल्या रुग्णाचाच आकडा बिघडतो. दुसरी चूक बुडबुड्याची. टिपेत हवा शिरली की खटका हवेवरच खर्च होतो आणि खळग्यात माप कमी पडतं.

या टिपेचा आणखी एक मोठा फायदा आहे. साध्या पिपेटमध्ये दट्ट्या आणि द्रव यांच्यात हवा असते. ॲसिटोनसारखं चटकन उडणारं द्रव ओढलं की त्याची वाफ त्या हवेत मिसळते, हवा फुगते आणि टिपेतून थेंब गळू लागतात. ग्लिसरॉलसारखं घट्ट द्रव टिपेत सावकाश चढतं आणि काही भाग आत चिकटून राहतो. रिपीटरच्या टिपेत दट्ट्या थेट द्रवावर टेकलेला असतो, मध्ये हवा नसते. त्यामुळे पातळ, घट्ट, उडणारं, कसंही द्रव असलं तरी जेवढं ढकलावं तेवढंच बाहेर पडतं. काम झाल्यावर टिप दट्ट्यासकट फेकून देता येते.

वेळेचा हिशेबही महत्त्वाचा. एलायझात रंग आणणारं द्रव घातलं की खळगे निळे होऊ लागतात. दहा-पंधरा मिनिटांनी आम्ल घातलं की निळा रंग पिवळा होतो आणि अभिक्रिया तिथेच थांबते. मग यंत्र ४५० नॅनोमीटरच्या प्रकाशात रंगाची गडदता मोजतं. हा काळ सगळ्या खळग्यांना सारखा मिळायला हवा. म्हणून जाणती टेक्निशियन ज्या क्रमाने आणि ज्या लयीत रंगाचं द्रव घालते, त्याच क्रमाने आणि त्याच लयीत आम्ल घालते. हातात रिपीटर असेल, तर ही लय सहज राखता येते. साध्या पिपेटने दर खळग्यासाठी नव्याने द्रव ओढत गेलं, तर मधल्या मधल्या थांब्यांनी ती तुटते.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने डेंग्यू, चिकनगुनिया आणि जपानी मेंदूज्वराच्या एलायझा किट तयार केल्या आणि त्या देशभरच्या सरकारी तपासणी केंद्रांना पुरवल्या. मे २०२० मध्ये याच संस्थेने कोविडच्या अँटिबॉडी शोधणारी ‘कोविड कवच’ एलायझा तयार केली. अडीच तासांच्या एका फेरीत तिच्यावर ९० नमुने तपासता येत. यांतली प्रत्येक किट शेवटी कुणाच्या तरी हातातून खळग्यांत उतरते. मोठ्या लॅबमध्ये आता ते काम रोबो करतात. छोट्या लॅबमध्ये ते अजून बोटांनीच होतं.

बोटांवर पडणारा हा भार खरा आहे. स्वीडनमध्ये १९९४ साली झालेल्या एका अभ्यासात वर्षाला ३०० तासांपेक्षा जास्त वेळ पिपेट वापरणाऱ्या महिला टेक्निशियनमध्ये हात आणि खांद्याच्या तक्रारी अधिक आढळल्या. पिपेट बनवणारे तेव्हापासून स्प्रिंग हलकी करण्याच्या आणि अंगठ्याचं काम इतर बोटांकडे देण्याच्या मागे आहेत.

एकच माप पुन्हा पुन्हा देणारं साधन महाराष्ट्राच्या खेड्यांनाही अनोळखी नाही. गावच्या दूध संस्थेत फॅट काढण्याची गर्बर पद्धत कित्येकांनी पाहिलेली असते. स्वित्झर्लंडच्या निकलाउस गर्बर यांनी ती १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला बसवली. ब्युटायरोमीटर नावाच्या खुणांच्या काचेच्या नळीत १० मिलिलिटर सल्फ्युरिक आम्ल, १०.७५ मिलिलिटर दूध आणि १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल घालायचं, हलवून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं आणि वर आलेल्या स्निग्धाची पट्टी वाचायची. यातलं आम्ल मोजायला असतं टिल्ट मेजर, बाटलीच्या तोंडावर बसवलेला काचेचा फुगा. बाटली एका बाजूला कलती केली की फुगा भरतो, जास्तीचं आम्ल बाटलीत परत जातं आणि दुसरीकडे कलती केली की नेमकं १० मिलिलिटर बाहेर पडतं. त्याला ना स्प्रिंग, ना दातेरी पट्टी. तरी सकाळच्या गर्दीत ओळीने लागलेल्या ब्युटायरोमीटरना ते एकसारखं आम्ल देतं. आम्ल जास्त जहाल असलं तर स्निग्धाच्या पट्टीखाली काळे कण दिसतात, कमजोर असलं तर पांढरे. अमाइल अल्कोहोल जास्त पडलं तर फॅट खोटंच वाढतं. गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) धरून ठरतो, तिथे या मापाची चूक थेट शेतकऱ्याच्या बिलात उतरते. आता बहुतेक संस्थांत इलेक्ट्रॉनिक यंत्रं आली आहेत, पण त्यांच्या आकड्यांची खातरजमा करायला गर्बर पद्धतच वापरतात.

यंत्र अंगठ्याचे कष्ट वाचवतं, मोजदाद वाचवतं. माप बरोबर असल्याची हमी मात्र ते स्वतः देत नाही. उलट, बिघडलेला रिपीटर सगळ्या खळग्यांत तेवढीच चूक इमानाने वाटत जातो आणि सगळे खळगे सारखेच दिसत असल्यामुळे डोळ्याला शंकाही येत नाही. म्हणूनच पिपेट आणि डिस्पेन्सरसाठी आयएसओ ८६५५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. तपासायची रीत साधी आहे. एकच माप दहा वेळा काढायचं आणि दर वेळी वजन करायचं. २० अंश तापमानाला १००० मायक्रोलिटर पाणी साधारण ९९७ मिलिग्रॅम भरतं. त्या मापाच्या पिपेटला सरासरीत ८ मायक्रोलिटरपर्यंत फरक माफ आहे, त्यापेक्षा जास्त नाही.

डीएमएलटी आणि बीएस्सीच्या कॉलेजांनी ही तपासणी प्रात्यक्षिकात आणायला हवी. तिला शुद्ध पाणी, थर्मामीटर आणि मिलिग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा तराजू पुरतो. विज्ञान शाखेच्या बहुतेक कॉलेजांत हे सगळं आधीच असतं. मुलांनी रिपीटरचा पहिला खटका बाटलीत सोडावा, पुढचे दहा एकेक करून तोलावेत आणि आकडे तारखेसह वहीत लिहावेत. जे साधन मर्यादेबाहेर जाईल, ते दुरुस्त होऊन येईपर्यंत टेबलावरून उचलून ठेवावं.